दहाव्या रात्रीचं पीठ

कंदील जरा बारीक करा. फुकट तेल जळतंय, आणि गोष्ट तुम्हाला ऐकायची आहे, कंदिलाला नाही. बाबू, तू हौसेनं दारापाशी बसलायस ना, मग मध्येच उठून आत सरकायचं नाही. आधीच सांगून ठेवतो.

ही केरू मिस्त्र्याची गोष्ट. मिस्त्री लाकडाचा नव्हे, लोखंडाचा. रत्नागिरीत गाडीतळाच्या मागे त्याची पत्र्याची शेड आहे. उद्या जाऊन बघा हवं तर, पण त्याला काही विचारू नका. विचारलंत तर तो तुमच्याकडे बघेल आणि हातातलं काम करत राहील. मला त्यानं हे एकदाच सांगितलं. त्यात मी पदरचं काही घातलेलं नाही.

तीन वर्षं झाली. सन छत्तीसचा जानेवारी. पौषातली अवस लागलेली, गुरुवारचा दिवस. तिसऱ्या प्रहरी केरूनं शेडला कडी घातली, सायकलला पिशवी अडकवली आणि निघाला. पिशवीत नट आवळायचे पाने, चिंध्या, घासलेटची बाटली आणि इंजिनात घालायच्या तेलाचा डबा. हातखंब्याच्या अलीकडे एक कोंड आहे, पंधरा-वीस घरांचा. तिथे एक लॉरी उभी होती. तिचं तेल कुठून गळतं ते बघायचं, एवढंच काम.

त्या लॉरीला सगळे म्हातारी म्हणायचे. मालकानं ती मुंबईहून आणली तेव्हाच जुनी होती. कौलं, चिरे, सुकी मासळी, मिळेल ते वाहायची. जिथे उभी राहील तिथे तेलाचा डाग ठेवून जायची. तिचा ड्रायव्हर भागोजी म्हणायचा, म्हातारी पान खाते, पिंक टाकणारच. भागोजी त्याच कोंडावरचा. केरूचा आणि त्याचा जिवाभावाचा दोस्ताना. रविवारी दोघं एकत्र जेवायचे, आणि जेवताना भांडायचे.

आता हे नीट ऐका, कारण सगळी गोष्ट ह्याच्यावर आहे. इंजिनच्या बाजूनं तेल वर चढवणारा एक तांब्याचा पाइप असतो, करंगळीएवढा. संक्रांतीच्या आठ दिवस आधी तो चोंदला होता. केरूनं तो काढला, फुंकून साफ केला, परत बसवला. पाइपाच्या टोकाला पितळी नट. तो आधी बोटांनी फिरवायचा आणि मग पान्यानं आवळायचा. केरूनं बोटांनी फिरवला. तेवढ्यात मालकाचा माणूस दारात येऊन ओरडायला लागला, गाडी आत्ताच्या आत्ता हवी, कौलं भरायचीत. केरू उठला, त्याच्याशी दोन शब्द झाले, बोनेट लागलं, गाडी गेली. मध्ये पाना लावला की नाही?... ते केरूला पुढे काही केल्या आठवेना.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी भागोजी शेडवर आला. केरू दुसऱ्या एका मोटारीखाली निजून काम करत होता. भागोजी म्हणाला, "केरू, म्हातारी हल्ली लय तेल पितेय रं. रोज तेलाची काडी काडून बगतू, रोज भर घालतू. जरा बगतूस का?"

"सणानंतर आण," केरू खालूनच म्हणाला. डोकंसुद्धा बाहेर काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, संक्रांतीला, कौलं भरून कोंडाजवळचा चढ चढताना इंजिनातलं तेल संपलं आणि इंजिन धरलं. जागच्या जागी जाम. भरलेली लॉरी उलटी घसरली आणि दरडीच्या जांभ्यावर जाऊन आदळली. मागून केबिन चेपली आणि स्टिअरिंगचं चाक भागोजीच्या छातीत बसलं. कोंडावरची माणसं धावली. पण त्याला बाहेर काढायच्या आतच तो गेला. बसल्या जागी, त्याच सीटवर. मग बैल जुंपून लॉरी त्याच्याच घरापुढच्या खळ्यात आणून ठेवली. दुसरीकडे नेणार कुठे?

मालक सगळ्यांना सांगत सुटला, ड्रायव्हरनं तेलच बघितलं नाही, आळशीपणा केला. लोकही तेच म्हणायला लागले. भागोजी रोज काडी काढून बघत होता, हे ठाऊक असलेला जगात एकच माणूस होता. आणि तो गप्प होता.

केरूला दुःख झालं नाही असं नव्हे. पण ते त्याच्यापर्यंत पोचतच नव्हतं. जेवायचा, झोपायचा, कामं करायचा. एकदा तापलेल्या नळीवर हात टेकला, तर कातडी जळल्याचा वास आला तेव्हा त्याला कळलं. हात बाजूला घेतला, बघितलं, पुन्हा कामाला लागला.

त्या गुरुवारी सकाळी, दहाव्याला, पिंड ठेवला तर कावळा शिवेना. भागोजीचा बाप धाकू हात जोडून एकेक कबूल करत राहिला. सुनेला सांभाळीन, म्हणाला. शेत टाकणार नाही, म्हणाला. फांदीवर कावळे बसलेले, खाली एक उतरेना. शेवटी म्हातारा कंटाळून बोलला, "बरं, लॉरीचं तेल कुटनं गेलं ते केरूकडनं बगून घेतू." तसा कावळा उतरला. म्हणून केरूला निरोप. मालकाची माणसं शुक्रवारी सकाळी लॉरी न्यायला येणार होती. जे बघायचं ते आजच.

केरू पोचला तेव्हा उन्हं उतरली होती. धाकू पडवीत बसला होता. डोकं भादरलेलं, त्यामुळे आणखीच लहान दिसत होता.

"आलास? पानी घे."

केरूनं पाणी घेतलं.

"मना येकच सांग. माजा पोरगा तेल बगीत होता का नव्हता? गळलं आसंल तर त्याची चूक नाय. गळलं नसंल, तर त्यानं घातलंच नाय. व्हय का नाय?"

"व्हय बाबा," केरू म्हणाला. आणि मान खाली घालून खळ्यात गेला.

गळती शोधायची एक रीत आहे. तेल दिसतं खाली, पण येतं वरून. धावत्या गाडीत वाऱ्यानं सगळीकडे पसरतं, सगळं इंजिन काळंकुट्ट होतं, आणि मूळ कुठे ते कळत नाही. म्हणून आधी घासलेटनं सगळं धुवायचं. चिंधीनं कोरडं करायचं. मग वरून पीठ मारायचं, अगदी बारीक, हाताच्या ओंजळीतून फुंकून. इंजिन चालू करायचं आणि बघत राहायचं. पांढऱ्यावर पहिला ओला ठिपका जिथे फुटेल, तिथे रोग. इतर मिस्त्री ह्यासाठी चॉक वापरतात. केरू तांदळाचं पीठ मागायचा, ज्या घरी असेल त्या घरी.

धरलेलं इंजिन थंड झाल्यावर सुटलं होतं. इंजिन फिरवायचं पुढचं हँडल जड, पण फिरत होतं. केरूनं डब्यातलं तेल आत घातलं. धुवायला घेतलं. तळाचा चेंबर धुतला, बाजू धुतल्या. चेंबरच्या कडेचं पॅकिंग झिजलेलं होतं. तिथून गळलं असतं तर म्हातारीचं वयच झालं होतं, कुणाचाच दोष नव्हता. धुता धुता हात वर गेला. पाइपापर्यंत गेला. चिंधी नटावर फिरली, आणि नट चिंधीबरोबर फिरला.

केरूनं चिंधी काढली. बोटांनी फिरवून बघितला. एक अख्खा फेरा. लोण्यातून फिरावा तसा.

पाना लावला नव्हता.

तो तसाच उभा राहिला. आता आपल्याला काहीतरी वाटेल, असं त्याला वाटलं. काही वाटलं नाही. पिशवीत पाना होता. म्हातारा दहा पावलांवर, त्याला अंधारात काय दिसतंय? एक पिळा दिला की झालं. कुणाला कधी कळणार नाही. हे सगळं केरूनं मला स्वतः सांगितलं, लपवलं नाही. पाना हातात घेतला होता म्हणाला. मग खाली ठेवला.

पण तोंडानं सांगणंही जमेना. दोनदा पडवीकडे वळला, दोनदा परत फिरला. शेवटी मनाशी म्हणाला, आपल्याच्यानं होत नाही तर पीठ सांगेल. पीठ मारू, म्हाताऱ्याला समोर उभं करू, इंजिन चालू करू. नटातून तेल फुटेल ते तो स्वतःच्या डोळ्यांनी बघेल. मग काय म्हणायचं ते म्हणू दे.

त्यानं दारात जाऊन हाक मारली, "वयनी, जरा तांदळाचं पीठ देता?"

भागोजीची बायको हौसा बाहेर आली. तिच्या हातात सूप होतं, सुपात ताजं दळलेलं पीठ. तिनं काही विचारलं नाही. सूपच पुढे केलं. केरूनंही काही विचारलं नाही. दोघांचीही तीच गत होती बघा, हात चालत होते आणि माणसं जागेवर नव्हती. एरवी केरूसारख्याच्या ते तेव्हाच लक्षात आलं असतं. दहाव्याच्या रात्री घरात पीठ दळलंय, ते कशासाठी? आपल्याकडे पोराटोरांनासुद्धा माहीत असतं.

बोनेट उघडून त्यानं सगळं इंजिन पांढरं केलं. वरपासून खालपर्यंत. नटावरही पीठ बसलं. मग म्हणाला, "बाबा, या. कंदील आना. बगा आता."

धाकू कंदील घेऊन आला. पुढे हँडलला हात घालून केरू वाकला. म्हाताऱ्यानं कंदील उंच धरला... आणि तसाच धरून राहिला.

"ह्यं कसलं पीठ?"

"वयनीनी दिलं."

"सुपातलं?"

केरूनं हँडल सोडलं. तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं.

बाबू, तुला सांगायला हवं का? माणूस जिथे गेला, त्या जागी दहाव्या रात्री पीठ पसरायचं. वर टोपली पालथी घालायची, बाजूला दिवा. पहाटे टोपली उचलून बघायचं, कशाचं पाऊल उमटलंय. पाखराचं, मांजराचं, लेकराचं. माणूस कुठल्या जन्माला गेला ते कळतं म्हणतात. भागोजीचा जीव घरात गेला नव्हता, लॉरीत गेला होता. म्हणून धाकू सकाळपासून मनात घोळवत होता, पीठ पसरायचं तरी कुठे. आणि केरूनं ते बरोबर जागी पसरलं होतं.

"लाव," धाकू हळू म्हणाला. "बोनेट लाव. पहाटंपरयंत हात लावू नको."

"बाबा, मना तुमाला एक सांगायचंय..."

"पहाटं सांग."

केरूनं बोनेट लावलं. धाकूनं मडगार्डवर पणती ठेवली. दोघं पडवीत येऊन बसले. हौसा आत, दाराला पाठ लावून.

रात्र झाली. गार होती. वारा नव्हता, पणतीची ज्योत सरळ. केरूनं पिशवी मांडीवर घेतली होती. पाने सगळे पिशवीत, पिशवीचं तोंड त्यानं स्वतः बांधलेलं. म्हातारा मधूनच खोकायचा. मग तेही थांबलं.

शेजारच्या घरातलं शेवटचं बोलणं संपलं... त्यांचा दिवा गेला... मध्यरात्र उलटली असेल.

टिक्.

केरूची मान वर झाली. पाना नटावर बसताना एक आवाज होतो. बारीक. दुसऱ्याला कळणार नाही. केरूनं तो जन्मभर ऐकलेला.

काही नाही.

मग... कर्र. पितळ आवळत जातं तसं. अर्धा पिळा. थांबलं.

टिक्. पुन्हा लावला.

कर्र...

केरूनं पिशवीत हात घातला. गाठ सोडून, आतून. पाने चाचपले. सगळे होते. गार.

"आयकलंस?" म्हातारा म्हणाला.

केरूनं पिशवीचं तोंड पुन्हा आवळलं.

"उंदीर आसंल."

पणती सरळ जळत होती. लॉरीपाशी कुणी नव्हतं. दोघांनाही दिसत होतं, कुणी नव्हतं.

टिक्.

"उंदीर आसंल ना रं?"

...

कर्र. ह्या वेळी लांब. शेवटचा पिळा देताना माणूस दम धरतो... आणि सोडतो. तो सोडलेला श्वास केरूनं ऐकला. ओळखीचा होता.

मग पहाटेपर्यंत काही नाही.

कोंबडं आरवलं तेव्हा धाकू उठला. हौसा कंदील घेऊन मागे आली. केरूनं बोनेट उचललं.

पीठ जसंच्या तसं. कुठे पाऊल नाही, बोट नाही, फुंकर मारल्याची खूणही नाही. नटावरचं पीठसुद्धा हललेलं नाही. केरूनं दोन बोटांत नट धरला आणि फिरवला. फिरला नाही. पाना काढला, लावला, जोर केला. नट हलला नाही.

"काय झालं?" धाकू म्हणाला.

केरू पुढे गेला आणि हँडल मारलं. चौथ्या फेऱ्याला म्हातारी खोकत, खडखडत चालू झाली. तिघं बघत राहिले. पाच मिनिटं झाली. दहा झाली. इंजिन पांढरं ते पांढरंच. एक ठिपका फुटला नाही.

केरूनं इंजिन बंद केलं. धाकूचा चेहरा उतरत चालला होता. आपला पोरगा आळशी निघाला, हे त्याच्या डोळ्यांसमोर सिद्ध झालं होतं.

"म्हंजे गळत नव्हतीच," तो म्हणाला. "म्हंजे त्यानं तेल घातलंच नाय."

"घातलं होतं," केरू म्हणाला. "रोज काडी काडून बगत होता. मना सांगाय आला होता, मी सणानंतर आण म्हटलं. ह्यो नट मी सैल ठेवला. काल सांजेला ह्याच बोटांनी फिरवलाय, आख्खा फेरा. सगळं तेल हितनं गेलं बाबा. मी मारला त्याला."

धाकूनं त्याच्याकडे बघितलं. मग नटाकडे बघितलं. रात्रीचे आवाज त्यानंही ऐकले होते.

हौसा म्हणाली, "पाऊल दिसलं का?"

"नाय," म्हातारा म्हणाला. "काम करून गेला."

ती तोंडाला पदर लावून आत गेली.

म्हातारा खाली बसला. लॉरीच्या चाकाला पाठ टेकली. मग म्हणाला, "त्यानं झाकलं. आता तू उगडू नको."

"लोक त्यालाच नावं ठेवतील."

"ठेवू देत. ती चूक त्यानं आपल्या हातानं घेतली. मी कोन देनार परत?"

हे म्हणताना त्याचा आवाज फाटला. केरूला वाटलं, आता आपल्याला रडू येईल. आलं नाही.

सकाळी मालकाची माणसं आली. त्यांनी पांढरं इंजिन बघितलं, गळती नाही हे बघितलं, आणि जे म्हणायचं ते म्हणाले. केरूनं तोंड उघडलं, तर धाकूनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दाबला. म्हाताऱ्याचा हात, पण खांद्यावर वळ उठला. मग लॉरी गेली.

म्हातारी पुढे फार दिवस टिकली नाही. मालकानं मोडीत काढली. इंजिन केरूनं मालकाकडून मागून घेतलं, ते त्याच्या शेडच्या मागे पडून आहे. त्याचं सगळं सुटं झालं, पिस्टन गेले, झाकणं गेली. तो एक नट तेवढा निघाला नाही. चांगल्या हाताचे दोन मिस्त्री आले, त्यांनी हात टेकले. एकानं पाना वाकवला.

आणि केरू दर संक्रांतीला शेड बंद ठेवतो. संध्याकाळी मागे जातो, त्या नटाला पाना लावतो आणि उलट्या बाजूनं ओढतो. अंग टाकून ओढतो. यंदा मी होतो तिथे. त्याच्या हाताची सालटं निघाली होती, त्याला पत्ताच नव्हता. मी म्हटलं, "केरू, कशाला? म्हाताऱ्यानं सांगितलंय ना, राहू दे म्हणून?"

तो म्हणाला, "माजी चूक हाय ती. मना परत पायजे."

त्यानं पाना खाली टाकला तेव्हा मी कंदील जवळ धरून नट बघितला. पितळ मऊ असतं. एवढ्या ओढाताणीत त्याच्या कडा कधीच गोल व्हायला हव्या होत्या.

एक ओरखडा नव्हता.